पेवाच्या तोंडावर बसलेल्या आत्याबाई

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या दारातून सरळ कधी आत येत नसत, अंग तिरकं करून येत. लढाईची वर्षं होती. सांगलीच्या पूर्वेकडचं कोरडं गाव, मालक पलटणीत, आणि घरात आम्ही दोघीच.

तेव्हा जाडी ही सावकाराच्या घरात नांदायची. तो, त्याची बायको आणि त्यांच्याकडे येणारे पेठेतले व्यापारी सोडले, तर शेतकरी काय नि मेंढरं राखणारे काय, सगळं गाव काटकुळं. त्यात हुलग्याचं माडगं पिऊन एकट्या आत्याबाई फुगत चालल्या होत्या. त्या म्हणत, "अंग माझं हाय, पन माझं ऐकत न्हाई."

धान्य मिळेनासं झालं, तशी विहिरीवर मी गेले की बायका गप्प होऊ लागल्या. आमच्या घरामागच्या परड्यात जुनं पेव होतं, जमिनीखाली धान्य साठवायचं. ते अजून भरलेलं आहे, म्हातारी दार लावून खाते, असं गाव बोलू लागलं. मी भीतीनं उशाशी कोयता घेऊन निजायची. आत्याबाई मात्र आपली अर्धी भाकरी मुद्दाम दारात बसून खात. बघणाऱ्यांना ती अर्धी दिसायची नाही, म्हातारीचं अंग तेवढं दिसायचं.

एका सकाळी माणसं परड्यात शिरलीच. पुढं शिरपा होता. त्याचं तान्हं पोर उपाशी होतं. पहारीनं पेवावरची शिळा सरकवून तो तसाच आत उतरायला निघाला. बंद पेवात कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून ते उघडलं की दिवसभर वारा लागू द्यायचा, कंदील सोडून बघायचा, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. पण भुकेनं डोकी फिरली होती. आत्याबाई आल्या आणि पेवाच्या तोंडावरच बसल्या. दाण्यावर बसलीया म्हातारी, असा ओरडा झाला. कुणीतरी दगड उचलला. आता आम्ही दोघी जगत नाही, एवढंच मनात आलं.

त्या हळू म्हणाल्या, "कंदील आन गं. शिरपा, आदी त्यो उतरू दे, मग तू."

मी कंदील आणला. शिरपाचं धोतर मुठीत धरूनच त्या बाजूला सरकल्या. दोरीनं सोडलेला कंदील निम्म्यावर जाऊन विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. शिरपा मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो आत उतरला आणि मूठभर काळा कोंडा घेऊन वर आला. माणसं घरी गेली.

भ्या वाटलं नाही का, असं मी नंतर विचारलं. "भ्यानं पायच गेलं बग, म्हनून बसले," त्या म्हणाल्या. "बसल्यावर ध्यानात आलं, जागा बराबर हाय."

पुढं त्या दुखण्यानं वाळत गेल्या, गालांची हाडं वर आली. मग बायका ओट्यावर येऊन बसू लागल्या. आता कशी आपल्यातली दिसतीया, म्हणायच्या. आत्याबाई हसायच्या. मला मात्र त्या दगडापेक्षा या बोलण्याची जास्त भीती वाटायची.

तिरडीला पुढचा खांदा शिरपानं दिला. वाटेत खांदे बदलायला माणसं पुढं आली. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "लय हलकी झालीया." ओढ्यापर्यंत त्यानं खांदा सोडला नाही.