शाम्पूच्या बाटलीचं अंतराळयान

शाळेच्या जिन्यावर पाय घसरून माझा घोटा मोडला, तेव्हा घरात सगळ्यांना माझी दया आली. मी गणित शिकवते. दिवसभर फळ्यासमोर उभी राहणारी बाई एकदम पलंगाला खिळली. एका दुपारी शाम्पूची रिकामी बाटली सहज आडवी धरली आणि मला त्यात यानाचं धड दिसलं. मग सुरू झालं. बॉलपेनच्या नळ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, बिघडलेल्या रिमोटची बटणं, हाताला लागेल ते चिकटवत गेले. नवरा कौतुकानं बघायचा. माझे थोरले दीर रविवारी भेटायला यायचे, तेही म्हणाले, बरं आहे, तेवढाच वेळ जातो.

प्लास्टर निघालं. आता हे थांबेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी एअरब्रश मागवला.

एअरब्रश म्हणजे पेनाएवढी पिचकारी. हवेच्या जोरावर तिच्यातून रंग धुक्यासारखा उडतो. माझा अगदी स्वस्तातला, टॉर्चएवढ्या चार्जिंगच्या पंपावर चालणारा. हवेचा जोर कमीजास्त करायची सोयच नव्हती. बटण दाबलं की सगळा जोर, सोडलं की बंद. झाशीच्या सदर बाजारात मास्किंग टेप, म्हणजे रंग नको तिथं चिकटवायची बारीक पट्टी, आणायला गेले, तर दुकानदारानं विचारलं, "बच्चे का प्रोजेक्ट है?"

"नहीं भैया, मेरा है," मी म्हणाले. त्यानं मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि टेप काढून दिली.

गच्चीवरच्या खोलीत कूलरचं रिकामं खोकं आडवं ठेवलं, उडालेला रंग ओढून घ्यायला मागं जुना एग्झॉस्ट पंखा बसवला, तोंडाला कोविडातले उरलेले मास्क. झाशीचा मे महिना. बाहेर लूचे तापलेले वारे. रंग पिचकारीच्या टोकाशीच वाळून बसायचा. पाणी घालून पातळ केला, तर बाटलीवर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटले. एकदाचा कसाबसा राखाडी थर बसला, त्यावर पट्टे काढायला टेप लावली, आणि टेप ओढताना साईसारखा सगळा रंगच निघून आला. खाली शाम्पूची गुलाबी बाटली जशीच्या तशी.

नवरा म्हणाला, ब्रशनं लावलं असतंस तर एव्हाना झालं असतं. झालं असतं, हे मलाही ठाऊक होतं. पण ब्रशचे ओरखडे असलेलं यान मला नको होतं. लांबून बघणाऱ्याला खरं वाटावं, असं हवं होतं.

बाटली घासून काढली. पॉलिश पेपरनं तिची चमक मारली, प्लॅस्टिकवर धरणारा प्राइमर आधी मारला. सरावासाठी माझ्या घोट्याचेच एक्स-रे घेतले. त्या काळ्या फिल्मवर पांढरे ठिपके, मग रेघा, मग विरत जाणाऱ्या सावल्या. मोडलेल्या हाडावरून हात फिरवत मी शिकले. रंग दुधाइतका पातळ हवा. हात आधी हलवायचा, मग बटण दाबायचं. टोक सारखं ओल्या कापसानं पुसायचं. आणि ऊन चढायच्या आत आटपायचं. पिचकारीच्या आतली सुई एकदा फरशीवर पडून वाकली, ती काचेवर घोळवून सरळ केली. जोडांवर आधी गडद रंग आणि त्यावर फिका राखाडी धुक्यासारखा, असं करता करता एका सकाळी ती बाटली बाटली राहिली नाही. खूप प्रवास करून आलेलं, झिजलेलं यान माझ्या हातात होतं. मी एकटीच होते, आणि मोठ्यानं हसले.

गणपतीत आमच्या मराठी मंडळात महिलांच्या आणि मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन असतं. तिथली व्यवस्था दिरांकडे. मी यान नेऊन दिलं आणि आरतीला गेले. परत येऊन बघते तर क्रोशाच्या रुमालांशेजारी माझी जागा रिकामी. यान मुलांच्या टेबलावर, मातीच्या उंदरांमध्ये, आणि चिठ्ठीवर माझ्या मुलीचं नाव. मुलगी कॉलेजात शिकते, पुण्यात. ती त्या दिवशी झाशीत नव्हतीसुद्धा.

मी चिठ्ठी काढली, यान उचललं आणि बायकांच्या टेबलावर आणून ठेवलं. दीर लगबगीनं आले. हळू आवाजात म्हणाले, "अगं, या वयात खेळणी करते म्हणून लोक हसतील. तुझ्याच भल्यासाठी केलं मी."

"हसू देत, भाऊजी," मी म्हणाले. "मी इथंच उभी राहते. कोणाला हसायचंय ते तोंडावर हसतील."

आणि उभी राहिले. घोटा ठणकत होता तरी खुर्ची घेतली नाही. लोक हसलेही. एक काकू म्हणाल्या, यापेक्षा चकल्या केल्या असत्यास. मी म्हटलं, चकल्याही केल्यात, प्रसादाच्या ताटात बघा. बबीन्याच्या लष्करी छावणीतून आलेल्या एका फौजी कुटुंबातल्या सुनेनं मात्र खाली वाकून बराच वेळ बघितलं आणि हे झिजलेलं पत्र्यासारखं कसं दिसतं, ते विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, एक्स-रेसुद्धा.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी ते कशातच धरलं नाही. मुलीला फोनवर सांगितलं, तर ती माझं मराठी ऐकून नेहमीसारखी हिंदीतच उसळली, "मम्मी, मेरा नाम क्यों लगाया उन्होंने?" तिचा राग मला फार आवडला. दीर दिवाळीपर्यंत घरी आले नाहीत. आले तेव्हा मी फराळ नीट वाढला, चहा दिला. यानाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि बैठकीत टीव्हीच्या वर ते ठेवलेलं होतं, ते मी हलवलं नाही.

आता मंडळानं नियम काढलाय की फक्त पारंपरिक हस्तकलाच घेणार. माझं नवं यान त्या टेबलावर मावणारच नाही एवढं लांब झालंय. सध्या त्याच्या इंजिनांवर गंज चढवतेय. गंज एकाच रंगाचा नसतो, हे कळायलाच बरेच दिवस गेले. गणपतीत ते मी उचलून मंडळात नेणार आहे.