एकाच बाईच्या दोन नोंदी

मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, जेवायला बसलास तरी तुझा एक पाय दाराबाहेर असतो. पुण्यातली कायमची नोकरी सोडून नाशिकला परत आलो त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून लोकांची जुनी सॉफ्टवेअर बंद करून त्यांना नव्यावर नेऊन बसवणं हा माझा धंदा. आधी नव्या सिस्टिमचा आराखडा करायचा, कुठली माहिती कुठे राहील ते ठरवायचं, मग जुन्यातलं सगळं उचलून नव्यात आणायचं, गाडी रुळावर आली की महिनाभर थांबायचं आणि निघायचं. एक बँक झाली, विंचूरकडचं गोदाम झालं, दिंडोरीची वायनरी झाली, बंगळुरूची दोन-तीन कामं झाली. आठ-दहा महिन्यांच्या वर कुठेच टिकलो नाही. मी नक्की काय करतो हे नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. सासरे सांगायचे, जावई कॉम्प्युटरमधलं सामान हलवतो. फार चुकीचं नव्हतं ते.

आमच्या धंद्यात 'लाईव्ह' या शब्दाला फार मान. नवी सिस्टिम खरोखर सुरू होते तो दिवस म्हणजे लाईव्ह. त्याच्या आधीचे तीन आठवडे मी माणसांत नसतो. घरात कोणीही काहीही सांगितलं की माझं उत्तर ठरलेलं: "लाईव्ह होऊ दे, मग बघू." बिघडलेला गीझर, आईचा चष्मा, मुलीच्या शाळेतली मीटिंग, सगळं लाईव्हनंतर. आणि लाईव्ह होतं न होतं तोच पुढचं काम दारात उभं असतं. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू. रिकामा बसलो की मला स्वतःचाच कंटाळा येतो.

मागच्या वर्षी शहरातल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं काम मिळालं. घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. रोज दुपारी जेवायला घरी येईन, असं मी मोठ्या थाटात जाहीर केलं होतं. सहा महिन्यांत दोनदा आलो.

हॉस्पिटलचं जुनं सॉफ्टवेअर पंधरा वर्षांपूर्वीचं. त्यात एक मोठी गोची होती. पेशंट कार्ड घरी विसरून आला की काउंटरवरचा माणूस जुनी नोंद शोधत बसण्यापेक्षा सरळ नवी करून टाकायचा. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन, तीन, कधी पाच नोंदी. एकीत औषधाची अ‍ॅलर्जी लिहिलेली, दुसरीत ऑपरेशन. मोठे डॉक्टर मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "यानं एखाद दिवशी माणूस जाईल आमच्या हातून." म्हणून नव्या सिस्टिममध्ये एका माणसाला एकच नंबर, असं ठरलं. मी नियम लिहिले. नाव, गाव, जन्मतारीख, मोबाईल जुळलं की नोंदी आपोआप जोडायच्या. जिथे शंका असेल त्या जोड्यांची यादी निघेल आणि ती माणसानं बघायची. नियम लिहून झाल्यावर मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मग जिल्ह्यातल्या बायकांनी मला माझी जागा दाखवली. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं काय उरतं? वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, गाव जातं, आणि पुष्कळ घरांत तर तिचं स्वतःचं नावही बदलतं. जन्मतारखेचा आधार घ्यावा, तर शाळेत मास्तरांनी सगळ्यांना एक जून लावून ठेवलेला. पहिलं बाळंतपण माहेरी. तेव्हा काउंटरवर आई उभी, ती लेकीला ज्या नावानं हाक मारते तेच नाव सांगणार. दुसऱ्या वेळी सासू उभी, ती दुसरंच सांगणार. मशीनच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. शेवटी मी एक जादा नियम घातला: मोबाईल आणि जन्मतारीख तीच, पण नावं पूर्ण वेगळी, तर जोडी यादीत टाकायची. यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबली.

ती यादी तपासायला रेकॉर्ड रूमच्या ताई माझ्या शेजारी बसायच्या. दिंडोरीहून रोज एसटीनं येणाऱ्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. चष्मा कपाळावर ठेवून त्या स्क्रीनकडे बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "हीच ती. जोडा." किंवा "नाय, या जावाजावा हायेत. मोबाईल घरात एकच." मी थक्क व्हायचो. एकदा विचारलं, "ताई, कसं काय ओळखता?"

"त्यात काय वळखायचं? पहिलीला बाळंतपणाचा वॉर्ड लिहिलाय ना? म्हंजे माहेरचं नाव. लय सोपं हाय, सर."

माझ्या तीन आठवड्यांच्या कामाची ही किंमत. पण त्यांच्याशेजारी बसायला मजा यायची. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. ट्रस्टींना पितृपक्ष लागायच्या आत लाईव्ह हवं होतं, आणि त्यासाठी ठरलेला रविवार अकरा दिवसांवर आला होता.

बुधवारी सकाळी चहा आला आणि मी पुढची जोडी उघडली. आधी मोबाईल नंबर ओळखीचा वाटला. दहा आकडे वाचले आणि हात थांबला. तो माझ्या बायकोचा होता.

डावीकडे तिचं सासरचं नाव. लग्नात माझ्या आईनं निवडलेलं, ताटातल्या तांदळात अंगठीनं मीच लिहिलेलं. उजवीकडे तिचं माहेरचं नाव, वडिलांच्या नावासकट, जे मी शेवटचं लग्नपत्रिकेत वाचलं होतं. डावी नोंद जुनी, तिला ताप आला होता तेव्हाची. उजवी दोन वर्षांपूर्वीची. भेटी चार. शेवटची भेट त्याच वर्षीच्या मार्चमधली. विभाग सर्जरी. त्यापुढे बारीक अक्षरांत दोन शब्द होते: स्तन, बायोप्सी.

"हीच ती," ताई म्हणाल्या. "जोडा."

मी जोडलं नाही, तारखा परत वाचत बसलो.

"बाळंतपण नाय हे," त्या पुढे वाकून बघत म्हणाल्या. "आईसंगं आली असंल. अशा बाया लय येत्यात, सर. घरी सांगत नायत. आईला नायतर बहिणीला घेऊन येत्यात, अन् माहेरचं नाव लावत्यात."

"घरी का सांगत नाहीत?"

"आता ते त्यांच्या घरच्यांनाच माहीत," असं म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी चहा उचलला.

मी ती जोडी बाजूला ठेवली आणि फोन आल्यासारखं करून बाहेर पडलो. रिपोर्ट माझ्यापासून दोन क्लिकवर होता. सगळ्या चाव्या माझ्याकडेच होत्या. पेशंटची माहिती कामापलीकडे बघणार नाही, असं मी हॉस्पिटलला लिहून दिलेलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या कागदामुळे थांबलो नाही. मी घाबरलो होतो. जिना उतरलो, पार्किंगमध्ये गेलो, परत वर आलो, परत उतरलो. मग स्कूटर काढली आणि गंगापूर रोडनं पार धरणापर्यंत जाऊन काही न बघता मागे फिरलो.

दुपारी घरी जेवायला गेलो. बायकोनं दार उघडलं आणि विचारलं, "काय रे, काढून टाकलं की काय तुला?"

चारचौघांत ती मला अहो-जाहो करते आणि घरात अरे-तुरे. मी हसलो. जेवताना तिच्याकडे बघत राहिलो. ती बारीक झालीये का? वरच्या फळीवरचा डबा काढताना हात नीट वर जातोय का? तिनं दोनदा विचारलं, काय बघतोस. पुढचे दोन दिवस माझं हेच चाललं होतं. ती अंघोळीला गेली की मी औषधांचा डबा उघडून पाहायचो. त्यात माझ्याच अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. कामात तर आनंदच होता. एका मीटिंगमध्ये मी चार वेळा उठलो. पहिला राग सासूबाईंचा आला, इतकी मोठी गोष्ट लपवली म्हणून. मग बायकोचा. आणि रागाच्या तळाशी नुसती भीती होती. तिला काही झालं असेल आणि मी सोडून सगळ्यांना ठाऊक असेल, ही भीती.

शुक्रवारी सकाळी निघायचं सोडून मी स्वयंपाकघरात गेलो. ती खाली बसून मेथी निवडत होती. मी समोर बसलो.

"मला कामात एक गोष्ट दिसली. दिसायला नको होती."

यादीचं सांगितलं. दोन नावांचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"रिपोर्ट उघडलास?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

तेव्हा तिनं वर पाहिलं. "साधी गाठ होती. कॅन्सर नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय, म्हणून जाते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच, कसा कोण जाणे, पुन्हा राग आला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तू बंगळुरूला होतास. फोनवर म्हटलं, छातीत हाताला गाठ लागतेय, दाखवायला जायचंय, मला भीती वाटतेय. तू म्हणालास, लाईव्ह होऊ दे, मग बघू."

"मी असं म्हणालो?"

"मग लाईव्ह झालं. तू आलास, म्हैसूरपाक आणलास. आता विचारशील, मग विचारशील, म्हणून मी आठवडाभर वाट बघितली. मग आईला बोलावलं." ती पुन्हा मेथीकडे वळली. "नाव आईनंच सांगितलं काउंटरवर. तिला तेच येतं तोंडात."

बंगळुरूच्या त्या कामातल्या, माहिती ठेवायच्या एकूण एक टेबलाचं नाव मला आजही पाठ आहे. तो फोन मला आठवत नाही. खूप ताण दिला डोक्याला, अजूनही देतो. नाहीच आठवत. तिनं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं, इतका मी नालायक.

शेवटी मी धंद्यातलं बोललो. "त्या दोन नोंदी जोडू का?"

"जोड की. मी एकच आहे." मग जरा थांबून म्हणाली, "पुढची तारीख याच महिन्यात आहे. तुझा तो रविवार झाला की मंगळवारी."

लाईव्हनंतरचा पहिला मंगळवार म्हणजे ओपीडीला सगळ्यात जास्त गर्दी. ते तिला माहीत होतं. मी म्हटलं, "मी येतो."

"बघ," ती म्हणाली.

घरचीच नोंद, म्हणून मी त्या जोडीला हात लावला नाही, ताईंना लावायला सांगितला. कोण आहे ते सांगितलं. त्यांनी बटण दाबलं आणि पुढची जोडी उघडली. त्या दिवशी आमच्या गप्पा काही रंगल्या नाहीत.

रविवारी सिस्टिम सुरू झाली. मंगळवारी साडेदहाला मी बायकोबरोबर सर्जरीच्या ओपीडीबाहेर बसलो होतो. तपासणी ठीक निघाली, हे आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. मला दुसरंच सांगायचंय.

आमच्या आधी चार जणी होत्या. मी फोन व्हायब्रेटवर टाकून खिशात ठेवला होता. तो तीनदा थरथरला, मी काढला नाही. चौथ्यांदा बायकोच म्हणाली, "घे. महत्त्वाचा असेल." नोंदणी काउंटरचा होता. एका म्हातारीची दोन नावं दाखवतंय, पुढे जाऊ देत नाही, लाईन दारापर्यंत गेलीये.

"दोन मिनिटं," मी बायकोला म्हटलं. तिनं मान हलवली.

पॅसेजच्या टोकाला जाऊन मी त्या मुलीला कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. तिला पटकन कळेना. परत सांगितलं. म्हातारी पुढे सरकली, मग आणखी एकाचं तेच झालं, तेही सांगितलं. लाईन हलली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. परत आलो तर खुर्ची रिकामी आणि दार बंद.

दाराशी टॅब घेऊन सिस्टर उभ्या होत्या. मी हँडलला हात लावला तशा म्हणाल्या, "थांबा. आत लेडीज पेशंट आहे."

"मिसेस आहेत माझ्या."

"मिस्टर का तुम्ही?" त्यांनी टॅबकडे पाहिलं. "मग मघाशी कुठे होता? सोबत कोण आहे ते भरावं लागतं ना. मी दोनदा विचारलं त्यांना. म्हणाल्या, कोणी नाही."

"मी आहे ना. ते बदला."

"आता नाही बदलता येत, सर. नवीन सिस्टिम आहे. एकदा सेव्ह झालं की झालं."

तो नियम माझाच होता.