टक्केकाका

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी पुस्तकांची देवघेव बघते आणि शेजारच्या टेबलावर टक्केकाका बसतात. हे नाव पोरांनी ठेवलं. प्रबंध माणसानं लिहिलाय की एआयनं, हे सांगणारं सॉफ्टवेअर काकांच्या कॉम्प्युटरवर आहे. ते बटण दाबतात, एआयचे टक्के येतात, तो कागद प्रबंधाला टाचून प्राचार्यांकडे पाठवतात. आकडा साठाच्या वर गेला की प्रबंध बाद. स्वतःचं मत म्हणून काकांनी कधी ब्र काढला नाही. भाजी कशी झालीय विचारलं तरी "ठीक" म्हणतात, हे काकूंनीच मला सांगितलंय.

गेल्या महिन्यात खिडकीपाशी बसणाऱ्या एका मुलीच्या प्रबंधाला एक्याऐंशी टक्के आले. म्हणजे तिचं वर्ष गेलं आणि नुकतीच लागलेली नोकरीही. काकांनी स्टेपलर उचलला आणि परत ठेवला.

"पाच महिने माझ्या डोळ्यांसमोर बसून पेन्सिलीनं लिहिलंय हो पोरीनं," ते मला म्हणाले.

"मग मला काय सांगताय? साहेबांना सांगा."

गेले की खरंच. सोबतीला मला ओढून नेलं. प्राचार्य म्हणाले, "काका, तोंडी नको, लेखी द्या." काकांनी तिथंच बसून पानभर लिहिलं. सदर विद्यार्थिनी नियमित उपस्थित असून, वगैरे वगैरे. एकतीस वर्षं ते असंच लिहीत आलेत, रजेचा अर्जसुद्धा.

साहेबांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी तो मजकूर स्वतः टाइप करून आपल्या कॉम्प्युटरवरच्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकला. चौऱ्याण्णव टक्के.

मला हसू आवरेना. साहेबही हसले, मग काकांच्या बोटावरची ओली शाई त्यांना दिसली. "तिचा प्रबंध मी स्वतः वाचतो," ते म्हणाले.

काका उठले नाहीत. "साहेब, आणि मी टाचलेल्या टक्क्यांवर आधी बाद झालेले?"

"किती आहेत?"

"तेवीस."

कुठलीही फाईल न बघता सांगितलं त्यांनी. माझं हसू जागच्या जागी विरलं. ज्या माणसाला मी इतकी वर्षं दगड समजत होते, त्यानं एकेक पोर मोजून ठेवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

साहेबांनी मला बाद प्रबंध ठेवलेल्या जुन्या कपाटाची किल्ली आणायला पाठवलं.