माफीत शेळी शिरली

हसायचं तर पोटभर हसा, पण सगळं ऐकून झाल्यावर. माझं चुकलं हे मी मानते. माझा हेतू चुकला असं कुणी म्हणलं, तर मात्र गाठ माझ्याशी हाय!

आमच्या घरात चांगला फोन एकच, माझा. त्यावरनं माझ्या राणीनं, आठवीतली पोर, मैत्रिणीच्या नाचाच्या व्हिडिओखाली लिहिलं, 'म्हैस नाचतीय.' नाव माझं, करणी लेकीची! ती मैत्रीण म्हंजे गावातल्याच कमलची सुवर्णा. पोर रडून रडून शाळेलाच जाईना.

मला कळलं तसं राणीला धरली. "माफी माग!"

"तू तर फोनवर सगळ्यांना बोलतीस," ती म्हणाली. "दिवाळीत काकीला काय काय सुनावलंस!"

आता सांगा, लागलं का न्हाय काळजाला? म्हणलं, थांब. आईनं करून दाखवल्याबिगर पोरं शिकत न्हाईत. वाईट सगळ्यांदेखत लिहिलं, तर माफी बी सगळ्यांदेखत. त्याच व्हिडिओखाली. अन् ती मी मागणार!

पण चौथी शिकलेली बाई मी, बटणं दाबत बसले तर सांज व्हायची. म्हणून फोन तोंडापुढं धरायचा, आपण बोलायचं, तो लिहितो. दारात उभी ऱ्हाऊन बोलाया लागले, तेवढ्यात शेळी ज्वारीच्या पाटीत शिरली! एका हातानं तिला ओढली, दुसऱ्या हातानं माफी धाडली. वाचून कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी राणी अन् मी लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपमधी बसलो. समोर, गुडघ्याला गुडघा लावून, कमल. तोंड हे एवढं फुगलेलं.

"काय लिहिलंस गं माझ्या लेकीला?"

मला वाटलं, हिनं माफी वाचलीच न्हाय. "माफी मागितली की! वाच. मोठ्यानं वाच! जीपला बी कळू दे, लेकराला वळण कसं लावत्यात!"

कमलनं तिचा फोन काढला अन् वाचलं.

"सुवर्णा बाळा आमचं चुकलं तू लई छान नाचतीस हो तिकडं उंडगे खाऊन खाऊन फुगलीस लाज न्हाय व्हय मनाला लावून घेऊ नको उद्या शाळेला ये दावणीलाच बांधते तुला."

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं.

"अगं, ते शेळीला!" मी ओरडले.

"म्हैस म्हणून झालं, आता शेळी म्हणतीस माझ्या पोरीला?"

"ज्वारी खात होती!"

"ज्वारी आमच्या घरात बी हाय! तुझ्या दारात न्हाय आली खायला!"

बोलावं तितकी मी रुतत चालले. पण मागं सरायचं? मी? "शेळी आणून उभी करते, तिलाच विचार!" असं बी म्हणून बसले.

"मावशी, वळवू का जीप, साक्षीला?" ड्रायव्हर म्हणाला.

तेव्हा राणी बोलली, हळूच. "काकू, म्हैस मी लिहिलं हुतं, आईनं न्हाय. चुकलं माझं. आजच येऊन सुवर्णाला सांगते. अन् आई खरंच शेळीला बोलत हुती. तिला वाचून बघायची सवय न्हाय."

आधी कमलचे ओठ हलले, मग खांदे, मग अख्खी जीप हसायला लागली. राणी सांजच्याला खरंच जाऊन आली. सुवर्णा शाळेला यायला लागली, बसती बी राणीच्याच शेजारी. ही माझीच शिकवण, असं मी म्हणते. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू द्या!

आता पोरीनं घरात कायदा केलाय. आईनं काय बी लिहिलं, की आधी तिला दाखवायचं. परवा गावच्या ग्रुपवर एकानं बायकांच्या अकलेवर काय तरी लिहिलं. म्या चांगलं फोन भरून सुनावलं अन् राणीपुढं धरलं. ती एकेक शब्द पुसत गेली, पुसत गेली, अन् शेवटाला उरलं काय?

'नमस्कार.'

तेवढंच गेलं. त्याचा बी उलट नमस्कार आला. आता असल्या माणसाशी भांडू कशी, तुम्हीच सांगा!