बासरीच्या जागची हाक

जनार्दनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मिल सुटून बरीच वर्षं झाली, तरी अजून चारलाच सुरू होतो. तेव्हा तो उठून थर्मासमध्ये चहा भरायचा, बर्फ पडला असेल तर दारापुढचा रस्ता शोव्हल करायचा आणि ट्रकमध्ये बसला की आधी कॅसेट आत ढकलायचा. मग किल्ली फिरवायचा.

व्हँकुव्हरशेजारच्या कोक्विटलाममधल्या घरापासून लाकूड कापायची ती मिल जवळच, नदीकाठी. तिथं तो ग्रीन चेनवर होता. कापलेल्या ओल्या फळ्या सरकत्या साखळीवरून येतात. त्या ओढून मापाप्रमाणे थप्प्या लावायच्या. साखळी कुणासाठी थांबत नाही. नुसत्या हातानं ओढणारा जेवणाच्या सुट्टीपर्यंत गळतो, कमरेनं ओढणारा टिकतो. जनार्दन टिकला.

कॅसेट त्याच्या धाकट्या भावानं, दिलीपनं भरलेली. इचलकरंजीत, जनार्दन कॅनडाला निघाला त्या सकाळी. रेडिओवर जुनी भावगीतं लागली होती. दिलीपनं टेपरेकॉर्डर रेडिओला टेकवला, सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं आणि बटण दाबलं. आई स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू गेलं नाही. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी बाई गायची थांबते, तिथं नेमकी आईची हाक आली.

"जनाऽ, चहा गार होतोय रेऽ!"

शेजारी यंत्रमाग चालायचे. त्यांच्या खडखडाटातून पलीकडं पोचावी म्हणून आईची हाक कायम वरच्या पट्टीत. ती अशी काही लागली, की जणू पेटीवर सूर बघून दिलेली.

"वाट लावलीस आई गाण्याची!" दिलीप ओरडला. पुन्हा भरायला वेळ नव्हता. कॅसेट तशीच बॅगेत गेली.

मिलमध्ये आवाज एवढा, की शेजारचा पंजाबी सोबती तोंडाजवळ येऊन ओरडला तरी हिंदी की इंग्रजी कळू नये. पहिली वर्षं कानात कापसाचे बोळे, मग कान झाकणारी कवचं आली. त्या आवाजात जनार्दन अख्खी कॅसेट क्रमानं म्हणायचा. फळी ओढताना समेवर जोर द्यायचा. हाकेची जागा आली की हाकही द्यायचा. स्वतःलाच.

पुढं आई गेली. एका हिवाळ्यात ट्रकमधल्या यंत्रानं कॅसेटची फीत गिळली. जनार्दननं पेन्सिलीनं गुंडाळली, चिकटपट्टीनं जोडली, पण ती परत बोलली नाही. मग त्याला एक गोष्ट कळली आणि तो ट्रकमध्ये तसाच बसून राहिला. आईचे शब्द आठवत होते, आवाज आठवत नव्हता. रोज आपल्या आवाजात ती हाक म्हणून म्हणून त्यानं आईचा आवाज झिजवून टाकला होता.

प्रभानं, त्याच्या बायकोनं, मागं कधीतरी तेच गाणं फोनवर लावून दिलं. अगदी स्वच्छ. हाकेच्या जागी बासरी होती. तिथं बासरी आहे हे त्याला जन्मात माहीत नव्हतं.

"किती गोड वाजवलीय," प्रभा म्हणाली.

"बंद कर," तो म्हणाला.

मग कानही गेले.

"अहो, हिअरिंग एड घ्या. मी बोलते आणि तुम्ही मिक्सर लावलाय का म्हणून विचारता."

"ऐकण्यासारखं राहिलंय काय?"

"मी आहे ना!"

"तू पाठ आहेस."

नव्या ट्रकसाठी मिलच्या कमाईतले पैसे त्यानं बाजूला ठेवले होते. ते कानांवर घालवायची त्याची तयारी नव्हती.

त्याची मुलगी कस्तुरी दूर कॅनडाच्या पूर्वेला, कनाटा गावी नोकरी करत होती, ती यंदा व्हँकुव्हरला परत आली. तिची मुलगी गौरांगी मराठी मंडळाच्या दिवाळीत गाणार होती. हॉलमध्ये पुढच्या रांगेत जनार्दन बसला. नातीचे ओठ हलत होते, पेटीवर मंडळातल्या डॉक्टर चारुदत्तची बोटं हलत होती. त्याला दूर कुठंतरी मोटर चालल्यासारखं ऐकू येत होतं. मधेच सगळा हॉल हसला. चारुदत्तनं पेटीवरून मान वर करून काहीतरी म्हटलं, तसा आणखी हसला. प्रभा मात्र पदर तोंडाला लावून बसली होती.

"काय झालं?"

प्रभानं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अहो, पोरीनं गाण्यात हाक मारली. जना, चहा गार होतोय रे. चारुदत्त म्हणतो, मग पी की रे जना!"

जनार्दन नातीच्या हलत्या ओठांकडं बघत राहिला. कस्तुरी लहानपणी कॅसेट ऐकून ते गाणं हाकेसकट शिकली होती. तिला वाटायचं, गाणंच तसं आहे. घरात सगळ्यांना गंमत वाटली, कुणी सुधारलं नाही. गौरांगीला निजवताना तिनं तेच म्हटलं असणार. आणि ती हाक आत्ता त्याच्यासमोर झाली, आणि त्याला ती ऐकू आली नाही.

पुढच्या आठवड्यात तो न सांगता जाऊन कान घेऊन आला. घरात पाऊल टाकताच फ्रीजची घरघर ऐकून म्हणाला, "हा बिघडलाय." प्रभानं कपाळाला हात लावला.

रविवारी गौरांगी आली. जनार्दननं चहाचा कप समोर ठेवला, पण घेतला नाही.

"ते गाणं म्हण."

"आजोबा, नाऊ? जस्ट दॅट पार्ट?"

"अर्धवट काम नको. पहिल्यापासून."

ती गायला लागली. सूर चांगला होता, पण उच्चार इथला. गाण्यातला प्रत्येक 'र' कॅनडाचा. पहिलं कडवं झालं. बासरीची जागा आली.

"जनाऽ, चहा गार होतोय रेऽ!"

इथं 'र' इचलकरंजीचा होता. 'जना' वर चढणारा, 'रे' लांबवून शेवटी थोडा खरखरणारा, मागांच्या आवाजावरून उडी मारणारा. जिला या पोरीनं कधी पाहिलं नाही, तिचा आवाज पोरीच्या गळ्यातून, जणू इचलकरंजीच्या स्वयंपाकघरातून, त्याच्याच नावानं आला. कुणी जपायला सांगितलं नव्हतं, तरी हे एवढं आलं कुठून कुठवर!

"आजोबा? आर यू ओके? बाय द वे, हू इज जना?"

"मी."

"नो वे! आजी, यू नेव्हर सेड!"

"मी कशाला त्यांचं नाव घेईन?" प्रभा म्हणाली.

"परत," जनार्दन म्हणाला.

ट्रक जुनाच राहिला. आयुष्यभर ओल्या फळ्या ओढून मिळवलेल्या पैशातून शेवटी त्यानं आईची हाक घेतली. तिला ओ देत तो चहा प्यायला. चहा गार झाला होता.