रोह्यातल्या पाटीवरचा ‘ळ’

पेणमध्ये मी तीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, टेम्पोंच्या, गणपतीच्या कारखान्यांच्या. फ्लेक्स आला आणि काम आटलं, तरी माझा ‘ळ’ लोक ओळखायचे. दोन्ही गाठी फुगीर, आणि शेवटी ब्रशातला रंग संपत आल्यासारखा फाटका फटकारा.

मागच्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला रोह्याला गेलो. स्टेशनाबाहेरच्या नव्या हॉटेलावर पाटी होती: ‘गावरान मिसळ’ आणि खाली ‘सकाळ-संध्याकाळ’. जाड, तिरकी, ब्रशची अक्षरं. मी जागीच थबकलो. तो ‘ळ’ माझा होता आणि रोह्यात मी एकही पाटी लिहिलेली नव्हती.

संशय एकावरच गेला, माझ्या जुन्या भागीदारावर. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे शिकलो, वडखळला भागीदारीत दुकान चालवलं आणि भांडून वेगळे झालो. तो रोह्याला राहायला गेला, तेव्हापासून बोलणं बंद. साखरपुड्याचं जेवण कसंबसं उरकलं आणि त्याचं घर गाठलं.

तो ओट्यावर वाल सोलत बसला होता. मान वर न करताच म्हणाला, “आलास? येशील असं वाटलंच व्हतं.”

“म्हणजे कशाला आलोय ते ठाऊक हाय तुला.”

“व्हय. माझा ‘र’ कुठल्या कंपनीला विकलास, ते सांगायला.”

पाटीवरच्या ‘गावरान’मधला ‘र’ त्याने स्वतःचा म्हणून ओळखला होता आणि चोर मला ठरवलं होतं. दोघंही तसेच, एकमेकांकडे तिरकं बघत, हॉटेलापाशी गेलो.

“तिन्ही ‘ळ’ नीट बघ,” तो म्हणाला. तिन्हींचा फटकारा अगदी एकाच जागी फाटला होता. “हातानं असं येत नाय.”

हॉटेलवाला हसला. “फॉन्ट हाय तो. पाटी छापणाऱ्यानं दाखवला, मला आवडला.” मोबाइलवर त्याने सगळी अक्षरं उघडली. खाली एवढंच लिहिलं होतं, की कोकणातल्या जुन्या पाट्यांवरून बनवलाय.

‘अ’ बघितला आणि आम्ही दोघंही मोबाइलवर वाकलो. तसा ‘अ’ आम्हाला कधीच जमला नव्हता. तो उस्तादांचा होता. मग ‘र’ही त्यांचा, आणि इतकी वर्षं जो माझा म्हणून मिरवला, तो ‘ळ’ही त्यांचाच. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, विचारायचं कुणाला?

चहा घेताना मला आठवलं. उस्तादांची कित्त्याची वही, त्यांच्या हातची सगळी अक्षरं असलेली, दुकान मोडताना त्याच्याकडे राहिली होती.

“वही हाय का रे अजून?”

“नाय. वाळवीनं खाल्ली.” ग्लासात बघतच त्याने उत्तर दिलं. जरा लवकरच दिलं.

आता आमचे फोन होतात. परवा तो पेणला घरी जेवूनही गेला. वहीबद्दल मात्र मी पुन्हा विचारलेलं नाही आणि त्यानेही तो विषय काढलेला नाही.