गंगाखेडच्या पाण्यावरची माझी काच

हैदराबादच्या एका फोटोवाल्यानं मला फसवलं. मी काढलेला फोटो त्यानं स्वतःच्या नावावर लावला आणि माझी काच परत दिली नाही.

तेव्हा फोटोची निगेटिव्ह काचेवरच उतरायची. लढाईमुळं विलायती माल बंद, परभणीत कोऱ्या काचा मिळेनात. त्याच्याकडं एक होती. त्याला चांदण्यातलं पाणी आणि वर ताऱ्यांच्या फिरत्या रेघा हव्या होत्या. पूर्ण्याच्या स्टेशनावर ओझी वाहून मी कॅमेरा घेतलेला. घासाघीस माझ्या रक्तात. पण त्या दिवशी पैशाचं बोललो नाही. फोटोखाली माझं नाव आणि छापून झाल्यावर काच माझी, एवढंच मागितलं. त्यानं जबान दिली.

कोजागिरीनंतरच्या अष्टमीला, पहाटे, गंगाखेडच्या घाटावर कॅमेरा उभा केला. समोर नदीपलीकडं ध्रुव. आपल्याकडं तो आभाळात खालीच, म्हणून निम्म्या चौकटीत पाणी ठेवता आलं. चंद्र उजवीकडं, चौकटीबाहेर. भिंग दीड तास उघडं ठेवायचं होतं. त्यावर दव बसू नये म्हणून खाली गरम राखेचं गाडगं ठेवलं. तरी दर घटकेला वाटे, धुरकटलं असेल. हात लावून बघायची सोय नव्हती. काच एकच.

तासाभरानं स्नानाला एक आजी आली, द्रोणात दिवा घेऊन.

"आजी, जरा दम धरा. दिवा आत्ताच सोडू नका."

"का रं बाबा?"

"फोटो काढायलोय."

"अंधाराचा?" ती म्हणाली. "गंगा थांबायलीय का तुझ्यासाठी? मग मी कशाला थांबू?"

संताप आला, पण कॅमेऱ्याला धक्का लागेल म्हणून जागचा हललो नाही. दिवा सावकाश चौकटीतून वाहत गेला.

काच धुतली तेव्हा ताऱ्यांच्या कमानींखाली त्या दिव्याची नागमोडी रेघ उमटली होती. ती नसती तर ते पाणी कुठलंही असतं. काचेच्या कोपऱ्यात मी कानशीनं खूण केली, कापसात गुंडाळून हैदराबादला नेऊन दिली.

दोन महिन्यांनी गेलो, तर दुकानात फोटो टांगलेला. खाली 'मुंबईचा समुद्र' आणि त्याची सही. दिव्याच्या रेघेवर कुंचल्यानं डोलकाठ्या काढलेल्या.

"ये गंगाखेड है," मी म्हणालो.

"गंगाखेडकू कौन पूछता जी? समंदर बोले तो लोगां ठैर के देखते."

"और वो दिया?"

"जहाज है."

"मेरी काच?"

"कौनसी काच?"

मी त्याची गचांडी धरली. त्याच्या दोन माणसांनी मला रस्त्यावर आणून सोडलं.

त्या टंचाईत फोटोवाले जुन्या काचा सोड्यात उकळून, वरचा फोटो खरवडून तसबिरींना बसवायचे. म्हणून कुणाच्याही घरी गेलो की मी आधी तसबिरीच्या काचेचे कोपरे बघतो. लोक हसतात. खूण अजून सापडलेली नाही.

सहीचं मी सोडून देईन. पण त्यानं, तो नसेल तर दुकान चालवणाऱ्या त्याच्या मुलांनी, मला एवढं सांगावं: काच पुसली की ठेवली?